गॅलरीच्या जाळीला पुरेल एवढी हवा

२ ऑक्टोबर, सोमवार

बॉयलरवर होतो तेव्हा रोज लॉग लिहायचो. दाब, पाण्याची पातळी, खाली सही. निवृत्त झालो आणि ते सुटलं. आज पुन्हा लिहायला बसलोय, कारण सांगायला घरात कोणी नाही.

ही लेकीकडे आहे. चिमीचं बाळंतपण करायला गेली, आता नातू घरभर धावतो म्हणे, तरी ही तिकडेच. लहान मूल आहे, हाताशी माणूस लागतं, माझी काही तक्रार नाही. पण संध्याकाळी घर खायला उठतं हे खरं. शिवाय एका माणसापुरता भात होत नाही. कितीही कमी टाका, दोघांचाच होतो.

दुपारी चिमीचा फोन आला. "बाबा, आई येतेय महिनाअखेरीला. चार दिवस."

मी म्हटलं, "चार दिवस कशाला? येतेच आहे तर राहू दे की आता."

"आधी येऊ तर दे तिला," चिमी म्हणाली. आवाज खाली गेला होता. पोरगं झोपू देत नसणार.

मी ठरवून टाकलंय. ही यायच्या आत गॅलरीची जाळी नवीकोरी करायची. जाताना म्हणाली होती, "त्या जाळीकडे बघितलं ना, की जीव गुदमरतो माझा." तेव्हा मी नळाचा वायसर बदलत होतो, लक्ष दिलं नाही. आज जवळ जाऊन बघितलं. काय तो गंज! एकेका सांध्यात खपल्या धरल्यात. गुदमरेल नाही तर काय होईल?

जाळी मीच केलेली. चिमी रांगायला लागली तेव्हा. कठड्यापासून वरपर्यंत चार भाग, गज इतके जवळ की मांजराचं पिल्लू आत यायचं नाही. अख्ख्या गल्लीत अशी मजबूत जाळी दुसरी नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

तारेच्या ब्रशने घासून बघितलं. वीतभर गज साफ करता करता नाकी नऊ आले. गजांच्या मध्ये हातच जात नाही. हे काम ब्लास्टरचं. हवेच्या जोरावर खर, म्हणजे बारीक टोकदार कणी, फेकायची, गंज आपोआप उडतो. कारखान्यात बघितलंय.

जुन्या मशिनींच्या दुकानात गेलो. तो दुकानदार कॉम्प्रेसर विकतो, म्हणजे हवा विकतो, म्हणून आम्ही त्याला हवालदार म्हणतो. त्याच्याकडून ब्लास्टरची बंदूक घेतली, खर भरायची बादली घेतली आणि कॉम्प्रेसर निवडला. छोटा, लाल, नीटस. सगळ्यात आधी काटा बघितला. दहा किलो दाब! आमच्या जुन्या बॉयलरचा नव्हता एवढा.

हवालदार म्हणाला, "मिस्त्री, काम काय काढलंय ते तरी सांगा."

मी म्हटलं, "तू मशीन दे. काम मला कळतं."

आयुष्य काट्याकडे बघण्यात गेलं आणि हा मला विचारतो. मी अंगणातली वाळू चाळून घेणार होतो, त्यावर मात्र तो ओरडलाच. साध्या वाळूची धूळ छातीत बसते, म्हणाला, आणि ही खरीची गोणी आणि तोंडाला मास्क माझ्या गळ्यात मारला. असो. एवढं ऐकलं त्याचं.

८ ऑक्टोबर, रविवार

जाळीचा पहिला भाग उतरवला. समोरचा शिंपी दोरी धरायला आला. तो माणूस दिवसभर खिडकीत मशीनवर बसलेला असतो, मान वर करायला निमित्तच हवं असतं त्याला.

जाळी खाली अंगणात टेकली तेव्हा म्हणाला, "वहिनींना मी कधी धड बघितलंच नाही हो. रोज बोलायच्या माझ्याशी, पण जाळीतून नुसती बोटं दिसायची."

मी म्हटलं, "मग? जाळी घट्टच हवी."

तो हो म्हणाला आणि गेला.

११ ऑक्टोबर, बुधवार

फजिती. काटा दहावर चढला, मी मास्क लावला, बंदूक धरली, खटका दाबला. काय सांगू! गंज असा उडाला की आतून राखाडी लोखंड बाहेर आलं. मी ओरडलो, "बघ!" कोणाला, देव जाणे.

आणि तेवढ्यात फुस्स. काटा धाडकन खाली. बंदुकीतून खर नुसती गळायला लागली. थांबलो, टाकी भरू दिली, पुन्हा काटा दहावर. पुन्हा दोन गज झाले आणि फुस्स. दिवसभर हेच. मी कमी वेळ काम केलं आणि जास्त वेळ अंगणात उभा राहून टाकी भरायची वाट बघितली.

एक मात्र आहे. कॉम्प्रेसर चालू असला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं. भरला की आपोआप बंद पडतो, आणि मग घर एकदम मोठं होतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

दाबाची खिट्टी आणखी पिळली. काटा अकराच्या पुढे. वाटलं, आता बघतोच. पहिल्यापेक्षा लवकर फुस्स झालं, आणि मोटर एवढी तापली की हात ठेववेना. डोकं फिरलं माझं. लाथ घातली एक. अंगठा सुजलाय.

१४ ऑक्टोबर, शनिवार

चिमीला फोन लावला तर जावईबापूंनी उचलला. कागदावरचा माणूस, हात काळे न करणारा. मला वाटलं विषय बदलेल, पण चिमीकडून कळलं असणार, त्यानेच विचारलं कॉम्प्रेसरचं. मी सांगितलं, दाब दहा, अकरा, हवा तेवढा आहे, तरी बंदूक दम टाकते.

"बाबा, तो मिनिटाला हवा किती देतो?"

"अरे, दाब दहा किलो आहे म्हटलं ना."

"दाब आहे हो. पण बंदूक मिनिटाला जेवढी हवा पिते तेवढी तो बनवतच नाहीये. टाकीत साठलेली असते तोवर चालतं. ती संपली की तुम्ही दाब कितीही वाढवा, उपयोग नाही."

मी म्हटलं, "बॉयलर मी चालवलाय की तू?" तो हसला आणि फोन हिच्याकडे दिला. हे त्याचं नेहमीचं. डोक्यात जातो.

हिला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बंदूक, खर, काटा, मोटर, अंगठा. जाळीचं नाही सांगितलं, ती गंमत आहे. ही सगळं ऐकत होती. मध्ये एक शब्द बोलली नाही, नुसतं हं, हं. पूर्वी मशिनीचं नाव काढलं की उठून जायची. आता रस वाटायला लागलाय तिला. शेवटी म्हणाली, "जेवता ना वेळेवर?" मी म्हटलं, हो, आणि तुला सांगतो, तो वॉल्व्ह जो आहे ना... तर नातू रडायला लागला म्हणून फोन ठेवावा लागला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो हवालदाराकडे. जावयाचं नाव न घेता विचारलं की ही बंदूक मिनिटाला हवा किती खाते. त्याने बंदुकीच्या तोंडावरचा आकडा बघितला, माझ्या लाल कॉम्प्रेसरची पाटी आठवली आणि कपाळाला हात लावला. "मिस्त्री, चौघांचा स्वयंपाक आहे आणि तुम्ही एकाचं पातेलं नेलंत. म्हणून तर विचारलं होतं ना मी काम काय म्हणून!"

म्हणजे जावई बरोबर. हे फक्त इथे लिहितोय.

बॉयलरवाल्याचीच चूक ही. तिकडे आग सतत असते, वाफ तयार होतच राहते, दाब नीट असला की आपण निर्धास्त. काट्यापलीकडे बघायची सवयच नाही आम्हाला.

बारीक तोंडाची नळी लावून दिली त्याने, ती कमी हवा खाते. आणि त्याचा स्वतःचा निळा कॉम्प्रेसर उसना दिला. दोन्हींच्या नळ्या एका टी जोडात घेतल्या की हवा एकत्र होते. म्हणाला, "पण मला महिनाअखेरीला परत हवाय."

१८ ऑक्टोबर, बुधवार

दोघे एका प्लगवर लावले. सगळ्या घराची वीज गेली. वायर वेगळी ओढली. मग नळीतून पाणी यायला लागलं, खर ओली होऊन चिकटली, तोंड तुंबलं. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटते. हे तरी मला कोणी शिकवायला नको होतं. पाणी पकडायची बाटली लावली मध्ये.

दुपारनंतर दोन्ही एका सुरात चालायला लागले. काटा सहावर आला आणि तिथेच राहिला. दहा नाही, सहा. पण हलेना! मी खटका सोडलाच नाही. पहिली जाळी अशी निघाली की हात फिरवत बसलो. ताबडतोब रंगाचा पहिला हात दिला. उघडं लोखंड सकाळपर्यंत पुन्हा गंजतं.

संध्याकाळी गॅलरीत गेलो. चारही भाग आता खाली आहेत, शिंप्याने आणखी दोघांना बोलावून उतरवून दिले. नुसता कठडा. अंगावर एकदम वारं आलं. चुकल्याचुकल्यासारखं झालं, कोणाच्या तरी घरात आल्यासारखं. पण बराच वेळ उभा राहिलो. आमच्या गॅलरीतून गल्लीचं टोक दिसतं हे मला माहीत नव्हतं.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

तीन जाळ्या झाल्या. चंदेरी रंग. बसवल्यासुद्धा. आता एक राहिली. त्या रिकाम्या भागातून घर बोडकं दिसतं.

लाल कॉम्प्रेसर खडखडतोय. चालेल.

२८ ऑक्टोबर, शनिवार

नाही चालला. चौथ्या जाळीला हात घातला आणि आतून कट् आवाज आला. वॉल्व्हची पट्टी तुटली. मी खिट्टी पिळून पिळून त्याला मारला, हवालदार म्हणाला. एकट्या निळ्यावर होत नाही. नवी पट्टी मागवलीय, यायला वेळ आहे. ही परवा येतेय आणि एक भाग उघडा. शरमेने मेलो. निळा कॉम्प्रेसर आणखी थोडे दिवस ठेवायला हवालदाराचे पाय धरायचे बाकी ठेवले.

३० ऑक्टोबर, सोमवार

आली.

वाळलीय थोडी. केस बारीक कापलेत, बरी दिसते. हातात एक पिशवी आणि एक मोठी बॅग. बॅग उचलली तर हलकीफूल, रिकामी. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाली, "काही कपडे न्यायचेत." तिकडे थंडी असते.

मी तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही, आधी गॅलरीत नेली. "बघ!" म्हटलं. ती बघत राहिली. मग एका गजावरून बोट फिरवलं. "केवढी मेहनत घेतलीत," म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, लाल आणि निळा, टी जोड, सहावर थांबलेला काटा. चौथ्या भागाबद्दल माफीच मागितली.

ती आत गेली आणि तिची वेताची खुर्ची घेऊन आली. त्या उघड्या भागासमोर ठेवली आणि बसली. समोरून शिंप्याने हाक मारली, "वहिनी! अहो, किती वेगळ्या दिसता!" ही हसली. खळखळून. असं हसणं मी विसरलो होतो.

मी म्हटलं, "काळजी करू नकोस. पट्टी आली की हा भागही बसवतो."

"राहू दे ना हा," ती म्हणाली.

"अगं, कोणी पडलं म्हणजे?"

"आता कोण पडणार आहे?"

मी तिला समजावलं की चोर असतात, मांजरं असतात, पाऊस आत येतो, आणि तीन भाग चंदेरी आणि एक उघडा हे दिसायला कसं दिसतं. ती गल्लीकडे बघत होती. दमली होती प्रवासाने.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

पट्टी आली! सकाळपासून अंगणात. कॉम्प्रेसर सगळा खोलला. ही दोनदा खाली डोकावून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "वर येता का जरा? बसू." मी म्हटलं, हात काळे आहेत, एवढं बसवतो आणि आलोच. बसवता बसवता अंधार झाला. ही खुर्चीतच होती.

१ नोव्हेंबर, बुधवार

ब्लास्टिंग. धूळ नको म्हणून हिला दारं-खिडक्या लावून आत बसायला सांगितलं. तिने लावून घेतली.

२ नोव्हेंबर, गुरुवार

रंगाचे दोन हात. संध्याकाळी शिंप्याला बोलावून चौथा भाग चढवला. बोल्ट आवळले. काय दिसते गॅलरी! हिला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून आली, दारात थांबली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, "अगं वेडे, तुझ्यासाठीच तर केलं."

तिने मान हलवली आणि खुर्ची उचलून आत नेली. उद्या सकाळची गाडी आहे तिची.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहिणार नव्हतो.

बॅग भरलेली होती. मी उचलली तर उचलवेना. कपाट बघितलं, तिचे दोन्ही कप्पे रिकामे. थंडीचे कपडे एवढे नसतात.

स्टेशनवर म्हणाली, "मी आता तिकडेच राहीन म्हणते."

मला वाटलं नातवासाठी. म्हटलं, "तो शाळेत जाईपर्यंत का?"

"नाही. राहीनच."

माणसं जात-येत होती. मी विचारलं, "माझं काय चुकलं? मारलं का मी, कमी पडू दिलं का काही?"

"काही कमी पडू दिलं नाहीत," ती म्हणाली. "भांडायला आले नाहीये मी. खरं सांगू? मी ठरवून आले नव्हते. म्हटलं, चार दिवस राहून बघू. त्या दिवशी खुर्चीत बसले तेव्हा वाटलंही होतं राहावं. पण मी वर होते, आणि तुम्ही तीन दिवस खाली अंगणात होतात."

"जाळी तुझ्यासाठीच करत होतो."

"मी म्हटलं होतं, राहू दे."

गाडी आली. तिने माझ्या सदऱ्याचं बटण नीट केलं आणि चढली. मी खिडकीपाशी उभा राहिलो. पाणी घेतलंस का, एवढंच मला विचारता आलं. घरी आलो तेव्हा कुलपाला भलतीच किल्ली लावत राहिलो. आयुष्यात एवढं एकटं कधी वाटलं नाही मला. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

हवालदार निळा कॉम्प्रेसर घेऊन गेला. "जमलं ना काम?" म्हणाला. मी म्हटलं, उत्तम जमलं. लालवर झाकण टाकलं.

चिमीचा फोन येतो. जेवलात का विचारते. बाकी कोणी बोलत नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

आज तिची खुर्ची घेऊन गॅलरीत बसलो. आजवर मी तिथे कधी बसलोच नाही, उभा राहून बोल्ट तपासायचो. चहा घेऊन बसलो. समोरचा शिंपी फाकाफाकांत दिसत होता. अर्धा गाल, अर्धं मशीन. गल्लीचं टोक दिसत नव्हतं. गल्लीतून कोणीतरी बाई हसत गेली, मी मान इकडून तिकडे वळवली, पण ती कोण हे काही कळलं नाही. रंगाचा वास होता. थोड्या वेळाने मला बसवेना. उठून आत आलो आणि पंखा लावला.

गंजामुळे गुदमरतं असं नव्हतीच म्हणत ती. गंजाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मीच बोललो होतो.

पंख्याखाली बसून मी रडलो. लिहायला लाज वाटते, पण कोण वाचतंय?

११ नोव्हेंबर, शनिवार

चारही भाग काढले. शिंप्याने दोरी धरली. जाळ्या अंगणात भिंतीला लावून ठेवल्यात. भंगारवाल्याला सांगितलंय.

हात धुतले आणि फोन लावला. तिनेच उचलला. मला नेहमीसारखं सुरू करता येईना. नळीबद्दल, वॉल्व्हबद्दल, काहीच. तिकडे नातू काहीतरी आपटत होता.

मी म्हटलं, "जाळी काढली."

"का? बिघडली?"

"नाही. काढली."

"सगळी?"

"सगळी."

तिने नातवाच्या हातातलं काढून घेतलं असावं, आपटणं थांबलं. केव्हा येतेस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. तोंड मिटून उभा राहिलो, आणि ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

मग ती म्हणाली, "पाऊस आला तर खुर्ची आत घेत जा. वेताची आहे."

"घेईन," मी म्हटलं.

"आणि नातवाचं ऐकायचंय का? आज काय केलं त्याने ते."

"सांग," म्हटलं, आणि फोन कानाला लावून गॅलरीत जाऊन बसलो.